शेपटीसाठी वेगळा अर्ज

विष्णू घारपुरे या इसमाविषयी मला आदर नव्हता व आजही नाही. हे आरंभीच नमूद करतो, कारण गेलेल्या माणसाविषयी लिहावयास बसले की लेखणी आपोआप मऊ पडते, आणि ज्याने जन्मभर चारचौघांना छळले तोही चार ओळींत साधुपुरुष होऊन बसतो. माझ्या टेबलावर असे शोकसंदेश पुष्कळ तयार झाले आहेत, त्यामुळे ते कसे तयार होतात हे मला ठाऊक आहे. घारपुऱ्यांचा शोकसंदेश लिहून घ्यावयास कोणीही आले नाही. सबब हा मजकूर मी आपल्या मनाने लिहीत आहे. यात न पाहिलेले काही घालणार नाही. ही एक खोड मात्र त्यांचीच लागली आहे.

मी अर्जलेखक. नाशिकच्या कचेरीच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली माझी पत्र्याची छपरी, टेबल व मराठी टाइपरायटर. शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वारसनोंद असो, शिधापत्रिका असो, पाणीपट्टीची तक्रार असो की बदलीची विनंती असो, माझा अर्ज भाषेत कमी पडला म्हणून परत आला, असे घडलेले नाही. आतले साहेब नुसता कागद पाहून म्हणत, "बोरसेंचा दिसतो." असा माझा लौकिक असताना घारपुरे माझ्या छपरीत आले.

तो नव्वदीच्या दशकाचा मध्य असावा. भर उन्हाळ्याचे दिवस होते, आणि या गृहस्थांच्या अंगावर खाकी अर्धी विजार, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, पायांत नाडीचे बूट. गळ्यात दोरीला बांधलेले भिंग. काखेत काळी छत्री, जी उन्हापावसात उघडलेली मी कधीही पाहिली नाही. वय साठीच्या पुढचे. तारुण्याची सगळी वर्षे त्यांनी आफ्रिकेत, टांगानिकात, घायपाताच्या मळ्यावर कारकुनीत काढली होती. परत येऊन पंचवटीत दोन खोल्यांत एकटे राहत होते. तिकडून त्यांनी पैसाअडका काय आणला मला ठाऊक नाही. बोलण्यातला कोरडेपणा मात्र पुरेपूर आणला होता.

"टाइप करून हवंय," ते म्हणाले. "हाताने लिहिलेलं ते वाचत नाहीत."

"कोण साहेब?"

"ज्ञानकोशवाले."

मी शिरस्त्याप्रमाणे कागद चढवला, वर 'मेहेरबान संपादकसाहेब यांचे सेवेशी' असे घातले, आणि खाली 'विनंती अर्ज' एवढे उमटले न उमटले तोच त्यांनी कागद यंत्रातून ओढून काढला.

"विनंती कसली? चूक त्यांनी केलीय."

"साहेब, अर्ज म्हटला की विनंती येते."

"मग हा अर्ज नाही. वर 'दुरुस्ती' लिहा."

विनंतीवाचून कागद टाइप करण्याची माझ्यावर ती पहिलीच वेळ. प्रकरण असे होते. मुंबईच्या एका प्रकाशकाने बऱ्याच खंडांचा एक ज्ञानकोश काढला होता व तो शाळाशाळांतून, वाचनालयांतून घेतला गेला होता. त्यात 'डोंबारी गरुड' या नावाची एक नोंद होती. हा आफ्रिकेतला पक्षी. अंगाने काळा, तोंड व पाय लालभडक, आणि शेपूट इतकी आखूड की उडताना पाय तिच्या मागे बाहेर दिसतात. कोशात छापले होते, 'शेपूट लांब असते.' अंड्याविषयी काही चुकले होते, पिल्लाच्या रंगाविषयी चुकले होते. आणि शेवटी एक वाक्य होते: 'डोंबारी लोक हा पक्षी खेळासाठी पाळतात.'

"पक्ष्याचं इंग्रजी नाव दोरीवरच्या कसरतवाल्यावरून पडलंय," घारपुरे म्हणाले. "आकाशात तरंगताना तो पंख एकदा इकडे कलवतो, एकदा तिकडे. दोरीवरचा डोंबारी हातातली काठी कलवतो ना, तसा. म्हणून डोंबारी गरुड. कोणीतरी नाव बरोबर केलं, आणि दुसऱ्या कोणीतरी नुसतं नाव वाचून पुढचा संसार मांडला. त्याने ना पक्षी पाहिला, ना डोंबारी."

मी नवा कागद चढवून आरंभ केला, 'सर्वश्रुत आहे की सदर पक्षी आफ्रिका खंडात आढळतो.' 'सर्वश्रुत' हा माझा ठेवणीतला शब्द. त्याने अर्जाला वजन येते आणि साहेबाला पुढे प्रश्न विचारता येत नाही.

"सर्वश्रुत म्हणजे काय?" त्यांनी भिंग कागदावर धरले.

"सगळ्यांनी ऐकलेलं."

"सगळ्यांनी? हे तुमचे शेजारी, यांनी ऐकलंय?"

शेजारी म्हणजे दगू शिंदे, मुद्रांकविक्रेता. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये एक बाकडे तेवढे. शिंदे म्हणाला, "मी तर आत्ताच ऐकतोय, साहेब."

"खोडा. लिहा, 'मी हा पक्षी पाहिला आहे.' शिक्षण किती तुमचं?"

"सातवी."

"दिसतंय."

बाकड्यावर तेव्हा माझी गिऱ्हाइके बसलेली होती. तो शब्द मी विसरलेलो नाही.

प्रकाशकाकडून छापील पोस्टकार्ड आले: 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' घारपुरे पुन्हा आले. पुन्हा तेच कार्ड. असे काही वर्षे चालले. दर खेपेला ते सगळ्या चुका पुन्हा क्रमाने सांगत. शेपूट, अंडे, पिल्लू, डोंबारी. मी धंद्यातली गोष्ट म्हणून त्यांना समजावले, "साहेब, एका अर्जात एकच मागणी घालावी. दोन घातल्या की वाचणारा सोपी तेवढी वाचतो आणि तिलाही नाही म्हणतो."

"पक्षी एकच आहे, बोरसे. त्याचे पंख आज आणि शेपूट उद्या, असं होत नाही."

शिंदे त्यांना लांबून येताना पाहिले की म्हणे, "आले विष्णू. गरुड अजून सापडला नाही वाटतं." एकदा तोंडावरच म्हणाला, "घारपुरे साहेब, आडनावात घार आणि भांडण गरुडाचं, हे कसं काय?"

घारपुरे हसले नाहीत. "घार वेगळी. तिच्या शेपटीला खाच असते. वर बघा."

रांगेतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. कचेरीच्या कौलांवर घार फिरत होती, आणि शेपटीला खाच होती. मी रोज त्या झाडाखाली बसतो. ती खाच मला त्या दिवसापर्यंत दिसलेली नव्हती. यात मोठेसे काही नाही. अर्ज लिहिणाऱ्याने वर बघत बसायचे नसते.

त्यांचा एक प्रश्न गावभर प्रसिद्ध होता: "पाहिलंय की ऐकलंय?" भाजी महागली म्हणा, कोणाची मुलगी पळून गेली म्हणा, धरणातून पाणी सोडले म्हणा, हा प्रश्न ठरलेला. पंचवटीत एकदा देवळात कीर्तन होते. बुवांनी गरुडाचे वर्णन रंगात आणले, की हा पक्षी पंख न हलवता दिवसचे दिवस आकाशात राहतो. मागून घारपुरे उभे राहिले.

"बुवा, पाहिलंय की ऐकलंय?"

बुवा मुरलेले होते. म्हणाले, "ऐकलंय, आणि ऐकवतोय. आपण बसावं."

लोक हसले. घारपुरे बसले नाहीत. पायरीवर जाऊन त्यांनी बूट चढवले, आणि एकेका भोकातून नाडी ओढून ती बांधीपर्यंत सगळी सभा त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. कीर्तन पुन्हा उभे राहिले नाही. मी त्या सभेत होतो आणि मला बुवांची कीव आली.

कचेरीसमोरच्या चहावाल्याच्या पाटीवर 'उपहारगृह' असे होते. 'उपहार म्हणजे भेटवस्तू, खाण्याला उपाहार म्हणतात,' असे सांगून घारपुऱ्यांनी तिथला चहा वर्ज्य केला. येणाऱ्याजाणाऱ्यालाही ते पाटी दाखवीत. शेवटी चहावाल्याने कंटाळून रंगाऱ्याकडून काना घालून घेतला. दुसऱ्या दिवशी घारपुरे आत गेले, बिनसाखरेचा काळा चहा प्यायले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "पाटी बरी आहे. चहा वाईट आहे." तेवढ्या एका वाक्याने त्यांनी त्या माणसाचा एक महिन्याचा उत्साह घालवला. असा हा माणूस. सज्जन होता असे म्हणणाऱ्यांनी त्याच्याबरोबर चहा प्यायलेला नाही.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

नदीकाठच्या मैदानावर दर हिवाळ्यात डोंबाऱ्यांची काही बिऱ्हाडे उतरत. त्यांत नामदेव नावाचा एक इसम, त्याची बायको व दोरीवर चालणारी मुलगी. पंचवटीच्या बाजारात, नाशिक रोडला स्टेशनाबाहेर, कधी देवळाली कॅम्पच्या बाजारात ते खेळ करीत. मैदानाला लागून निकम नावाच्या ठेकेदाराचे घर होते, आणि निकमांना कबुतरांचा शौक होता. त्या वर्षी त्यांची कबुतरे एकेक करून नाहीशी होऊ लागली.

"बोरसे भाऊ, एक पक्षी येतो आणि उचलून नेतो," निकम म्हणाले. "खाली डोंबारी उतरलेत, त्यांनीच पाळलेला असणार. भारीतलं लिहा काहीतरी. पुस्तकातलं."

पुस्तकातले मला पाठ होते. मी लिहिले, 'सर्वश्रुत आहे, व ज्ञानकोशातही नमूद आहे, की डोंबारी लोक गरुड पाळतात. सबब सदर इसमांची चौकशी होऊन त्यांना मैदानावरून हटविण्यात यावे.' एक कागद, एक मागणी. अर्ज चालला. शिकारी पक्षी बाळगणे हा गुन्हा असल्याने नामदेवला वनखात्याकडून चौकशीसाठी नेण्यात आले, आणि त्याची दोरी, ढोलके व तोल सावरण्याची काठी हेही मुद्देमाल म्हणून जमा झाले. दोरी गेली म्हणजे त्या घराची चूलच गेली.

घारपुरे मला म्हणाले ते येथे जसेच्या तसे देतो.

"बोरसे, ते वाक्य तुम्ही माझ्या पत्रांतून घेतलंत."

"पुस्तकात छापलेलं आहे, साहेब."

"ते चूक आहे असं तुमच्याच बोटांनी किती वेळा टाइप केलंत?"

"टाइप करतो म्हणजे मान्य करतो असं नाही. तुमचं म्हणणं तुमचं, निकमांचं निकमांचं."

"मग तुमचं काय असतं?"

गिऱ्हाईक उभे होते. मी यंत्रात कागद चढवला. आजही माझे मत हेच आहे की अर्जातील मजकुराची जबाबदारी अर्जदाराची. कायदाही तेच सांगतो. घारपुऱ्यांना मात्र कायद्याशी घेणे नव्हते. ते तिथून उठले ते थेट निकमांच्या गच्चीवर जाऊन बसले. निकम घरी नसताना त्यांच्या आईने त्यांना वर सोडले, कारण त्यांनी तिला सांगितले की मी कबुतरांचा चोर पाहायला आलो आहे. ते खरेच होते.

चौकशीच्या दिवशी निकमांनी मलाही नेले, कारण अर्जातील एखादा शब्द लागलाच तर सांगता यावा. अधिकारी तरुण, नुकताच आलेला. नामदेव भिंतीशी उभा. घारपुरे न बोलावता आत येऊन खुर्चीवर बसले होते.

"साहेब, पुस्तकातला पक्षी आफ्रिकेतला आहे," ते म्हणाले. "निकमांची कबुतरं खायला तो समुद्र ओलांडून पंचवटीत येणार आहे का?"

"ते ठीक," अधिकारी म्हणाला. "पण डोंबारी पक्षी पाळतात असं छापील पुस्तकात आहे. हे लोक पाळत नाहीत, असं तुम्ही पाहिलंय?"

जो प्रश्न घारपुऱ्यांनी सगळ्या गावाला विचारला होता तोच त्यांच्यासमोर उलटा येऊन उभा राहिला होता. नसलेली गोष्ट कशी पाहणार? मला त्या क्षणी फार बरे वाटले. तेवढ्यात भिंतीशी उभा असलेला नामदेव बोलला.

"सायेब, आमी पाळतो ती एक पोरगी. ती दोरीवर चालती. पक्ष्याला रोज मटण लागतं म्हन्तात. आमाला दिवाळीला बी नाय मिळत. त्याला घालून मी काय खाऊ?"

"मग डोंबारी गरुड असं नाव का पडलं?" अधिकाऱ्याने विचारले.

यावर घारपुरे उठले. त्यांनी छत्री दोन्ही हातांत आडवी धरली, अर्ध्या विजारीतले आपले काटकुळे पाय जोडले, आणि त्या कचेरीच्या फरशीवरून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, डावीकडे कलत आणि उजवीकडे कलत, एकेक पाऊल चालत गेले. शिपाई तोंडावर हात धरून बाहेर पळाला. निकम उघड हसले. मीही हसलो. नामदेव तेवढा हसला नाही. तो पायांकडे बघत होता, जसा गवंडी दुसऱ्या गवंड्याच्या भिंतीकडे बघतो.

"काठी लय आखूड हाय, बाबा," तो म्हणाला. "पण कल बरोबर हाय."

"असा उडतो तो," घारपुरे धापा टाकत म्हणाले. "म्हणून नाव. आता चला माझ्याबरोबर, चोर दाखवतो."

निकमांच्या घरामागे पाण्याची उंच टाकी होती. तिच्या कठड्यावर एक ससाणा बसला होता आणि खाली कबुतरांची पिसे पडली होती. रानातला पक्षी, कोणाचाच नव्हे. अधिकाऱ्याने पाहिले, निकमांनी पाहिले. नामदेव सुटला, दोरी, ढोलके व काठी परत मिळाली. घारपुरे निकमांना म्हणाले, "तुमच्या आईने मला चहा दिला होता. साखर घातली होती त्यात." आभार नाहीत, निरोप नाही.

परंतु दप्तरात गेलेला कागद दप्तरातच राहतो. पुढच्या हिवाळ्यात बिऱ्हाडे आली, कोणीतरी ती जुनी फाईल काढली, आणि पुन्हा विचारणा झाली. त्याच्या पुढच्या वर्षीही झाली. प्रत्येक वेळी घारपुरे जात, भांडत, नामदेवला सोडवून आणीत. पण प्रत्येक वेळी त्याचे काही दिवस बुडत, आणि कधी काठी मोडलेली परत मिळे. शेवटी नामदेव माझ्या टेबलाशी येऊन घारपुऱ्यांना म्हणाला, "बाबा, तुमी तोंडी किती वर्सं सांगणार? तुमी नसाल तवा काय? मला कागद पायजे. त्या पुस्तकवाल्याचाच पायजे."

त्या सुमारास घारपुऱ्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने अंधूक. ते माझ्यापुढे बसले आणि त्यांनी नेहमीचे पत्र सांगितले. दुरुस्ती, शेपूट, अंडे, पिल्लू, डोंबारी. मी टाइप केले.

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवले. मी वाचले ते त्यांचे होते. टपालात टाकले ते माझे होते.

हे मी अभिमानाने सांगतो. इतकी वर्षे त्या माणसाने माझ्या धंद्याची टिंगल केली होती, आणि त्याच्या मार्गाने काय हाती लागले? पोस्टकार्डे. मी वर 'मेहेरबान' घातले, 'विनंती अर्ज' घातले, आणि मागणी एकच ठेवली. 'सदर पक्ष्यास उडताना तोल सावरण्याच्या लकबीवरून हे नाव पडले हे सर्वश्रुत आहे. तथापि आपल्या बहुमोल ग्रंथातील अनवधानाने आलेल्या एका वाक्यामुळे एका गरीब कुटुंबाची उपजीविका वारंवार खंडित होत असून, सबब ते वाक्य रद्द झाल्याचे छापील प्रमाण मिळावे.' शेपूट गाळली. अंडे, पिल्लू गाळले. उत्तरासाठी पत्ता माझा घातला.

उत्तर आले. ते पोस्टकार्ड नव्हते, पाकीट होते, आणि पाकिटात छापील शुद्धिपत्र, जे कोश घेतलेल्या सगळ्या ग्रंथालयांना पाठवले जात असल्याचे सोबतच्या पत्रात लिहिले होते. मी ते तिथेच टेबलावर तीनदा वाचले. शिंद्यालाही वाचून दाखवले. तो म्हणाला, "भाऊ, तुमचा शब्द आलाय की यात."

मी पाकीट घेऊन पंचवटीत गेलो. घारपुऱ्यांची पट्टी निघाली होती, पण त्यांनी पाकीट घरी उघडू दिले नाही. "ज्याचं आहे त्याच्यासमोर," म्हणाले, आणि मला चालवत मैदानावर नेले. हिवाळा सरत आला होता, दुपारची वेळ. नामदेव दोरी ताणीत होता, त्याची मुलगी खाली बसून काठीला चिंधी गुंडाळीत होती. आम्ही तिघे दोरीखाली उभे राहिलो. घारपुऱ्यांनी शुद्धिपत्र हातात घेतले व त्यावर भिंग धरून अक्षर अक्षर वाचले.

"'डोंबारी लोक हा पक्षी खेळासाठी पाळतात' हे वाक्य रद्द समजावे. त्याऐवजी वाचावे: 'उडताना तोल सावरण्याच्या लकबीवरून या पक्ष्यास हे नाव पडले, हे सर्वश्रुत आहे.'"

नामदेवने दोरी सोडून हात कपाळाला लावला. घारपुऱ्यांचे भिंग मात्र शेवटच्या शब्दावरून हलले नाही.

"हा शब्द कोशाचा नाही," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तुमचा आहे."

"त्या शब्दानेच काम झालं, साहेब."

"आणि शेपूट?"

"शेपटीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल."

ते मला शिव्या देतील अशी माझी अपेक्षा होती, आणि माझी उत्तरे तयार होती. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. मी समजलो. 'सर्वश्रुत' खोडून ते तिथे 'पाहिलेले' असे काहीतरी घालणार, जसे ते वाचनालयाच्या पुस्तकांत, लग्नपत्रिकांत, देवळाच्या फळ्यांवर घालीत. पेन्सिलीचे टोक त्या शब्दावर टेकलेसुद्धा.

"बाबा," नामदेव घाबरून म्हणाला, "त्यावर खाडाखोड केली तर सायेब मानंल का?"

घारपुऱ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मला धंद्यातली गोष्ट प्रथमच विचारली.

"मानेल?"

"नाही," मी म्हणालो. "खाडाखोडीचा कागद कचेरीत चालत नाही. शिवाय हे छापील आहे. त्यावर पेन्सिल लागली तर म्हणतील, यानेच बनवलं."

वाऱ्याने कागद फडफडत होता. तो शब्द त्यांना किती टोचत होता हे मला दिसत होते, आणि खरे सांगतो, ते पाहण्यात मला सुख होते. बराच वेळ त्यांनी पेन्सिल तशीच धरून ठेवली. मग ती खिशात घातली, कागदाची घडी केली, आणि नामदेवच्या हातात दिली.

"भिजू देऊ नकोस," म्हणाले. "मूळ घरी ठेव, झेरॉक्स जवळ ठेव."

माझ्याशी ते एवढेच बोलले, "उद्या येतो. शेपटीचं राहिलं."

ते उद्या आले नाहीत. पुतण्या येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन गेला असे कळले, आणि पुढे तिकडूनच बातमी आली. बिऱ्हाडे मात्र त्यानंतरही दर हिवाळ्यात उतरली. नामदेव एकदा झेरॉक्सची नवी प्रत काढायला माझ्या शेजारच्या दुकानात आला होता. जुनी दाखवून दाखवून फाटली, म्हणाला. त्या खंडात पक्ष्याची शेपूट अजून लांबच आहे. वेगळा अर्ज कोणी केला नाही, आणि अर्जदारावाचून अर्ज करणे माझ्या धंद्यात बसत नाही.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते शुद्धिपत्र वाचले त्याच दुपारी. गावात जाणाऱ्यांनी पुलावरून जावे अशी रीत आहे, पण उन्हाळ्याकडे पाणी उतरले की काही लोक खालच्या बांधाच्या कडेवरून नदी ओलांडतात. ती कड अरुंद आहे आणि शेवाळलेली आहे. घारपुरे पुलाकडे वळले नाहीत. मी हाक मारली, त्यांनी ऐकली नाही किंवा ऐकून सोडून दिली. एका डोळ्याने धड दिसत नसलेला तो म्हातारा बुटांसह बांधावर चढला, काखेतली छत्री काढून त्याने दोन्ही हातांत आडवी धरली, आणि निघाला. डावीकडे कलला. उजवीकडे कलला. नामदेवची मुलगी काठी टाकून उभी राहिली आणि ओरडली, "बाबा, खाली नका बघू. पल्याड बघा."

मला वाटले होते, पडेल. खरे तर मी वाट पाहत होतो. तो पलीकडे पोचला, छत्री काखेत घातली आणि मागे न बघता गल्लीत शिरला. हे मी ऐकलेले नाही. पाहिलेले आहे.